मृत्यूपलीकडचे प्रेम आणि लेखणीची जबाबदारी

मराठी वाचकाला भुताची भीती नवी नाही आणि प्रेमकथेची ओढही नवी नाही. या दोहोंचा संयोग करणाऱ्या कथा आज पुण्यासारख्या शहरात हौसेने लिहिल्या जातात आणि तितक्याच हौसेने वाचल्या जातात. जुन्या वाड्यात वावरणारी मृत प्रेयसी, दर अमावास्येला पत्नीच्या भेटीस येणारा पती, शापामुळे विलग झालेले जीव असे त्यांचे विषय. बहुधा चार-पाच लेखक-लेखिका एकत्र येतात, प्रत्येकजण एक-दोन कथा देतो, छपाईचा खर्च वाटून घेतला जातो आणि प्रकाशकाचा उंबरठा न झिजवता संग्रह बाहेर पडतो. कित्येकदा कागदही लागत नाही. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या मंचावरून कथा थेट वाचकाच्या हातातील फोनवर पोहोचते.

अशा लेखकांत आपल्या धर्मग्रामांतील तरुण-तरुणीही असतात आणि मग घरातील वडीलधारी माणसे विचारतात : स्नानसंस्कार झालेल्या माणसाने असले लिहावे काय? प्रश्न रास्त आहे. ‘लिहू नये’ असे म्हणून तो मिटवणे सोपे आहे आणि ‘ही तर केवळ करमणूक’ असे म्हणून झटकणे त्याहून सोपे आहे. पण या दोन्ही उत्तरांत विचार करण्याचे कष्ट टाळलेले असतात.

प्रथम परंपरा पाहू. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गौरविली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची आणि तिचा विषय हिंदू विधवांचे दुःख हा होता. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला. पुढच्या शतकात अनंत अंतरकर यांनी सुरू केलेल्या ‘नवल’ने गूढकथेला हक्काचे घर दिले. पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) आणि मुंबईचे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भयकथेला व गूढकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. म्हणजे मराठी कथेच्या उगमापाशीच दोन प्रवाह दिसतात. एक मृत्यूने मागे ठेवलेल्या जिवंत माणसांकडे पाहतो, दुसरा अद्भुतात रमतो. मृतात्म्याची प्रेमकथा या दोहोंच्या संगमावर उभी असते आणि तिचा नैतिक प्रश्नही तेथेच जन्म घेतो : अद्भुताच्या नादात ते मागे राहिलेले माणूस लेखकाच्या नजरेआड तर होत नाही ना?

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. अनुवाद ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात मृतांना विचारणाऱ्यांचा निषेध आहे आणि कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही मृतांना पाचारण करणे, भविष्यकथन, जादूटोणा या साऱ्यांना मनाई करतो. मृतांवर आपली सत्ता चालवू पाहणे हा देवाच्या अधिकारावर हात टाकणे होय. परंतु मृताला बोलावणे आणि मृताविषयी कथा सांगणे या दोन वेगळ्या कृती आहेत. शौल राजा रात्री वेषांतर करून एन-दोरच्या बाईकडे गेला व त्याने शमुवेलाला वर आणण्यास सांगितले, हे पाप होते. ती हकीकत पहिल्या शमुवेलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात लिहून ठेवणाऱ्याने मात्र पाप केले नाही. शिष्यांनी सरोवरावरून चालत येणाऱ्या प्रभूला भूत समजून आरोळी ठोकली, हेही शुभवर्तमानकारांनी संकोच न बाळगता नोंदविले आहे. पुनरुत्थित ख्रिस्त प्रथम दिसला तेव्हाही त्यांना तो भूतच वाटला, आणि आपल्याला हाडामांस आहे, चाचपून पाहा, असे प्रभूला सांगावे लागले. माणसाचे हे भय पवित्र शास्त्राने लपविले नाही. तेव्हा भूतकथा लिहिणे हेच मुळी पाप, असे म्हणता येत नाही.

इतकेच नव्हे, आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये एक संपूर्ण प्रेमकथा अशी आहे की, तिच्या मध्यभागी भूत आहे. तोबितच्या पुस्तकातील सारा ही रागुएलची एकुलती एक मुलगी. तिची सात लग्ने झाली आणि सातही नवरे पहिल्याच रात्री अस्मोदेयस नावाच्या दुष्टात्म्याने मारले. घरची दासी तिला टोचून बोलते : तूच आपल्या नवऱ्यांना खातेस! आपल्या गावात अशा मुलीला पांढऱ्या पायाची म्हटले असते. सारा गळफास घेण्याच्या विचारापर्यंत येते, पण म्हाताऱ्या बापाची काय दशा होईल या विचाराने मागे फिरते आणि खिडकीशी उभी राहून प्रार्थना करते. पुढे देवदूत राफाएलच्या सोबतीने तोबिया तेथे येतो, तिला वरतो, माशाचे काळीज व यकृत निखाऱ्यावर जाळून त्या दुष्टात्म्याला पळवून लावतो आणि मग ती दोघे शय्येवरून उठून प्रथम प्रार्थना करतात. इकडे बाप रागुएल रात्रीतूनच आठव्या जावयासाठी कबर खोदवून बसला आहे. सकाळ होण्याआधी ती गुपचूप बुजविण्याची वेळ त्याच्यावर येते.

ज्याला अद्भुत प्रेमकथा लिहायची आहे, त्याने हे पुस्तक कथाकाराच्या दृष्टीने पुन्हा वाचावे. भय त्यात आहे, कुतूहल आहे, विनोदाची छटाही आहे. पण भूत हे कथेचे आकर्षण नाही, ते कथेतील बंधन आहे. लेखकाचे लक्ष साराच्या लाजेवर आणि तिच्या एकाकीपणावर खिळलेले आहे. दुष्टात्मा निघून गेल्यावर आपल्याला आनंद होतो तो चमत्काराचा नव्हे, एक मुलगी मोकळी झाली याचा. माझ्या मते या प्रकारच्या कथेची खरी कसोटी येथेच सापडते : कथेतील अद्भुत माणसाला मोकळे करते की बांधून ठेवते?

ही कसोटी मृत प्रियजनाच्या कथेला लावली म्हणजे प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो. ख्रिस्ती विवाहाचे वचन मृत्यूपर्यंतचे आहे. पती मेला म्हणजे पत्नी त्याच्या बंधनातून मुक्त होते, असे संत पौल रोमकरांस सांगतो, आणि पुनरुत्थानात लग्न करणे वा करून देणे नाही, हे प्रभूचे शब्द आहेत. म्हणून मृत पतीने रोज रात्री येऊन पत्नीवर हक्क सांगावा, तिने दुसरे घर केल्यास सूड घ्यावा आणि लेखकाने याला अमर प्रेम म्हणावे, ही गोष्ट आपल्या श्रद्धेला मानवणारी नाही. ते प्रेम नव्हे, ती मालकी होय. जिवंतपणी जो नवरा बायकोला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही, त्याला आपण प्रेमळ म्हणत नाही; मग मेल्यानंतर तेच करणारा एकाएकी प्रेमळ कसा ठरतो?

तरीही प्रेम मृत्यूबरोबर संपते, असे ख्रिस्तसभा कधीच म्हणत नाही. मृतांसाठी प्रार्थना करणे हा पवित्र व हितकर विचार असल्याचे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दर वर्षी २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, वर्षश्राद्धाची मिस्सा अर्पण करतो. त्यात मृताला परत बोलावणे नसते, त्याला देवाच्या हाती सोपविणे असते. एखादी विधवा तीस वर्षे नेमाने पतीच्या नावाने मिस्सा सांगते, तेव्हा तिचे प्रेम कोणत्याही भूतकथेतील प्रेमाहून कमी उत्कट नसते. पण ते प्रेम मूठ उघडून दिलेले असते. परत आलेला मृतात्मा निरोप घेऊन जातो, क्षमा मागतो, राहून गेलेला शब्द बोलतो किंवा प्रार्थनेची याचना करतो, अशी कथा लिहिणारा कॅथोलिक लेखक आपल्या श्रद्धेपासून फार दूर गेलेला नसतो.

हा भेद केवळ तत्त्वचर्चेचा नाही. लोकसमजुतीतील भुतांची नावे आठवून पाहा. बाळंतपणात मेलेली ती हडळ, मुंज झाल्यावर लग्नापूर्वी मेलेला तो मुंजा. लोकांनी ज्यांना भूत ठरविले ती बहुतेक अशी माणसे आहेत की, ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर तुटले. ज्या घरात सुईण वेळेवर आली नाही, त्या घराने आपल्या मनाची टोचणी पिंपळावर नेऊन बसविली. आजचा लेखक याच हडळीला मोहक वस्त्रे नेसवून तरुणांना भुलविणारी नायिका बनवितो, तेव्हा तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. एकदा ती मेली, आता तिचे मरण शोभेची वस्तू झाले. उलट ती कशाने मेली, हे विचारणारी कथा भीतीही निर्माण करील आणि सत्यही सांगेल.

शिवाय भुताच्या नावाने जिवंत माणसांना मारहाण होते, हे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणे व मारणे, भुताची भीती घालणे अशा कृत्यांसाठी त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हा कायदा कथालेखकाला लागू होत नाही, व्हावाही नये. पण ज्या समाजात असा कायदा करावा लागतो, त्या समाजात आपली कथा कोणाच्या हाती पडते, याचे भान लेखकाने ठेवले पाहिजे. नुकतेच मूल गमावलेली आई कथा आणि खरे यांतील रेषा नेहमी नीट पाहू शकेलच असे नाही, आणि तिच्या दाराशी देवऋषी टपलेला असू शकतो.

पुण्याची सर्वांत प्रसिद्ध भूतकथा घेऊन हा विचार तपासता येईल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ते तेव्हा विशीतही नव्हते. ‘काका, मला वाचवा’ ही त्यांची आरोळी आजही वाड्यात ऐकू येते, असे शहर सांगत असते. आरोळी ऐकू येते की नाही, हा वाद सोडून देऊ. परंतु या कथेत नारायणरावांची पत्नी गंगाबाई कोठे आहे? खुनाच्या वेळी ती गरोदर होती. तिला पुरंदरावर नेण्यात आले आणि एप्रिल १७७४ मध्ये तिने ज्या मुलास जन्म दिला, तोच पुढे सवाई माधवराव पेशवा झाला. त्याच्याच कारकिर्दीत मिळालेल्या जागेवर १७९२ मध्ये पुण्यातील पहिले कॅथोलिक मंदिर, आपले सिटी चर्च, उभे राहिले. म्हणजे ज्या रक्तपाताची भूतकथा शहर अडीचशे वर्षे सांगत आले, त्याच घरात मागे राहिलेल्या एका तरुण विधवेच्या पोटी जन्मलेल्या पेशव्याच्या राज्यात पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी छप्पर मिळाले. भूतकथा आरोळीपाशी थांबली. गंगाबाई कशी जगली, हे तिने विचारलेच नाही. एखाद्या लेखकाने ते विचारले, तर शनिवारवाड्याची खरी प्रेमकथा अजून लिहावयाची आहे, असे त्याला आढळेल.

आता स्वतः प्रकाशित करण्याविषयी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, ते धर्माधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्यावरच. निषिद्ध ग्रंथांची यादी ख्रिस्तसभेने १९६६ मध्ये कायद्यातून काढून टाकली. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मशिक्षणाच्या पुस्तकांना आजही अनुमती लागते, पण प्रापंचिक श्रद्धावंताच्या कथासंग्रहाला बिशपांच्या मान्यतेची गरज नाही. पुढे प्रकाशकाचा संपादक हा एक राखणदार उरला होता. स्वयंप्रकाशनाने तोही गेला. यात वाईट काही नाही. लेखकांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांनी शाब्ले प्रांतात प्रवचनाला कोणी येईना, तेव्हा स्वतः पत्रके लिहून लोकांच्या दारांखालून सरकविली. पण स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही दारात येते. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकास तीस दिवसांच्या आत पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावी लागते. स्वतः छापणारा लेखक कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक असतो. नैतिक दृष्टीनेही तो प्रकाशकच असतो : ‘संपादकांनी चालवून घेतले’ ही सबब त्याला उरत नाही.

मग राखणदार कोण? माझे उत्तर असे की, सोबतचे लेखक. म्हणून एकत्र येऊन लिहिणे ही केवळ खर्च वाटून घेण्याची सोय नाही, ते एकमेकांच्या विवेकाचे रक्षण आहे. ऑक्सफर्डमध्ये १९३० व ४० च्या दशकांत ‘इंक्लिंग्ज’ नावाचे मित्रमंडळ जमत असे. कॅथोलिक जे. आर. आर. टॉल्किन आणि अँग्लिकन सी. एस. ल्युईस त्यात होते. अपुरे लेखन तेथे मोठ्याने वाचले जाई आणि त्यावर मित्र स्पष्ट बोलत. टॉल्किन यांनीच मर्त्य बेरेन आणि त्याला मृत्यूच्या द्वारातून परत आणणारी लुथिएन यांची प्रेमकथा लिहिली. १९७१ मध्ये पत्नी गेली, १९७३ मध्ये ते स्वतः गेले. ऑक्सफर्डच्या दफनभूमीतील त्यांच्या एकाच दगडावर त्या दोघांच्या नावांखाली ही दोन नावे कोरलेली आहेत. निष्ठावंत कॅथोलिकाने मृत्यूपलीकडील प्रेमाची कथा लिहावी काय, या प्रश्नाला तो दगडही एक उत्तर आहे.

मात्र सोबतीचे रूपांतर कंपूत होण्यास वेळ लागत नाही. ‘तू माझ्या कथेला पाच तारे दे, मी तुझ्या कथेला देतो’ असा व्यवहार सुरू झाला की, आठवी आज्ञा मोडली गेली. न आवडलेल्या पुस्तकाला उत्तम म्हणणे ही वाचकापुढे दिलेली खोटी साक्ष आहे, मग ती मैत्रीपोटी का असेना. पैशाचा हिशेब, नावांचा क्रम, मुखपृष्ठाचा खर्च, विकल्या गेलेल्या प्रती या गोष्टी आधी कागदावर न घेतल्यास सातव्या आज्ञेचीही परीक्षा होते. इंग्रजी कथेवरून बेतलेली कथा स्वतःची म्हणून देणे हेही त्यातच आले.

संग्रहातील सहलेखक अन्य धर्माचे असतील, तर आणखी एक प्रश्न येतो. त्यांच्या कथांत प्रेमी जीव पुनर्जन्म घेऊन भेटतील. माणसाला एकदाच मरणे नेमलेले आहे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. मग आपली कथा त्यांच्या शेजारी छापावी काय? मला त्यात अडचण दिसत नाही. प्रत्येक कथेखाली तिच्या लेखकाचे नाव असते आणि प्रत्येकाने आपल्या कथेचे उत्तर द्यावे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखून आपली श्रद्धा न लपविणे, हे पुण्यात आपण रोजच करतो. प्रस्तावना मात्र सर्वांची असते. तिच्यात, या घटना खऱ्या आहेत, अमुक ठिकाणी खरोखरच असे घडते, अशी विक्री वाढविणारी थाप असेल, तर तेथे सही करू नये.

कोणी म्हणेल, अशा अटी घातल्या तर कथेचे प्रवचन होईल. ही भीती खरी आहे. शेवटच्या परिच्छेदात धर्मगुरूला आणून पवित्र पाणी शिंपडल्याने कथा ख्रिस्ती होत नाही, ती फक्त कंटाळवाणी होते. दिवंगत पोप फ्रान्सिस तरुणपणी शाळेत साहित्य शिकवीत असत. १७ जुलै २०२४ च्या पत्रात त्यांनी कथा-कादंबऱ्या वाचण्याचे समर्थन केले, ते त्यांत उपदेश असतो म्हणून नव्हे, तर त्यांतून दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो म्हणून. लेखकाने तो आवाज प्रामाणिकपणे ऐकावा, एवढेच मागणे आहे. जिथे दुःख आहे तिथे दुःख दिसू द्यावे, जिथे शंका आहे तिथे शंका राहू द्यावी.

हे साधण्यासाठी एक साधी प्रथा लेखकमंडळांनी पाळावी, असे सुचवावेसे वाटते. संग्रह छापखान्यात धाडण्यापूर्वी त्यातील प्रत्येक कथा एकदा अशा माणसासमोर वाचावी, ज्याचे जवळचे कोणी अलीकडेच गेले आहे आणि ज्याने ती ऐकण्यास मनापासून होकार दिला आहे. आपल्या धर्मग्रामांत अशी माणसे शोधावी लागत नाहीत. वाचताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. ज्या वाक्यापाशी आपलाच आवाज अडखळेल, ते वाक्य घरी येऊन पुन्हा लिहावे.